उस्ताकाची पाटी

पाटी उतरवायला थोरल्याने मुद्दाम दुपारची वेळ गाठली. दुपारी वडील, म्हणजे आप्पा, वामकुक्षी घेतात अशी त्याची समजूत होती, आणि ती त्याच्या शाळेच्या दिवसांतली होती. ऐंशी उलटल्यापासून आप्पांनी दुपारची झोप म्हाताऱ्यांची सवय म्हणून सोडून दिली होती. त्यामुळे थोरला शिडीवर चढून पहिल्याच स्क्रूशी झटापट करत होता, तेवढ्यात खालून आवाज आला, "काय रे, पाटीला काय झालं?"

थोरला साठीला टेकलेला. कारखाना आता तोच सांभाळतो, हाताखाली माणसं आहेत, पण तो आवाज ऐकला की आजही त्याचे कान गरम होतात.

"रंग द्यायचा होता, आप्पा. फिका पडलाय."

"परवा दे. उद्या पोरीचं भाषण ऐकून लोक पाटी बघायला आले, तर त्यांना काय भिंत दाखवू? आणि ती शिडी नीट टेकव, पडशील."

थोरला मुकाट्याने उतरला. आत फळ्यांच्या थप्पीमागे, जाड कागदात गुंडाळलेली नवी पाटी उभी होती. तिच्यावर सरळ, सुबक अक्षरांत 'खुर्च्यांचा कारखाना' असं लिहिलं होतं. त्यात कुणी हसावं असं काही नव्हतं, आणि कुणाच्या लक्षात राहावं असंही काही नव्हतं.

जुन्या पाटीवर मात्र एकच शब्द होता, हातभर उंच अक्षरांत: उस्ताक.

त्या शब्दापायी या घरात जेवढं मौन पाळलं गेलं, तेवढं कुणाच्या लग्नाच्या बोलणीतही पाळलं गेलं नसेल. आप्पा या देशात उतरले तेव्हा त्यांना इथल्या भाषेतले दोनच शब्द येत होते, 'हो' आणि 'उद्या'. पहिल्या दिवशी लाकडाच्या वखारीत मुकादमाने त्यांच्याकडे बोट करून हाक मारली, "ए उस्ताक, इकडे ये!" आप्पांच्या कानांनी ऐकलं 'उस्ताद'. इथल्या उच्चारात जरा वाकडं झालेलं, पण उस्तादच. दुसऱ्या कुठल्या मुलखाचा माणूस असता तर ही चूक करूच शकला नसता, तिला आपल्याकडचाच कान लागतो. उस्ताक म्हणजे न बोलावता येऊन बसलेला. नको असलेल्या पाहुण्याच्या पाठीमागे म्हणायचा हा शब्द बाहेरून आलेल्या सगळ्यांना चिकटला होता. पुढे आप्पांनी स्वतःचा कारखाना काढला आणि मोठ्या हौसेने तोच शब्द पाटीवर चढवला. रंगाऱ्याने म्हणे पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की ना? आप्पा म्हणाले, "हो. आणि मोठा काढ."

रस्त्यातून कुणी खुन्नसने "उस्ताक!" असं ओरडलं, की आप्पा छातीला हात लावून बाहेर यायचे. "हो, मीच. काय काम काढलंत?" शिवी देणारा तिथल्या तिथे गारद. त्यातले काही जण पुढे खरोखरच मोडक्या खुर्च्या घेऊन आले.

आईला मात्र पहिल्याच वर्षी सगळं कळलं होतं. ती धुलाईच्या कारखान्यात बायकांबरोबर काम करायची, आणि भाषेतल्या शिव्या बायका आधी शिकवतात. तिने मुलांना समोर बसवून बजावलं, "या शब्दावर तुमचा बाप उभा आहे. कुणी ब्र काढला तर माझ्याशी गाठ आहे." आई जाऊन बरीच वर्षं झाली. गाठ तशीच राहिली.

वर स्वयंपाकघरात आत्या वाट बघत बसली होती. आत्या म्हणजे थोरल्याच्या पाठची बहीण. जन्मभर ट्राम चालवली, त्यामुळे तिला कुणी मध्ये आलेलं खपत नाही.

"उतरली?"

"आप्पा जागे होते."

"मी सांगत नव्हते?"

"पण उतरवायचीच कशाला, बाबा?" खिडकीशी उभ्या असलेल्या नातीने विचारलं. ही थोरल्याची मुलगी. समाजशास्त्रात डॉक्टर झाली तेव्हापासून घरात हिला डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि कुणाला पडसं झालं की मुद्दाम हिलाच औषध विचारतात. देशोदेशांतून या शहरात येऊन राहिलेल्या माणसांवर तिने पुस्तक लिहिलं होतं. उद्या संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यावर तिचं भाषण होतं. शहरभर लागलेल्या जाहिरातीत फोटो होता तो या पाटीचा. तो बघून आप्पांनी शिंप्याकडे नवा कोट शिवायला टाकला होता.

"कशाला म्हणजे?" थोरला म्हणाला. "उद्या तू चारचौघांत त्या शब्दाचा अर्थ सांगणार. आणि आप्पा पहिल्या रांगेत बसणार, कोट घालून."

"म्हणूनच म्हणते, त्यांना आज सांगू या. मी सांगते."

"खबरदार!" दोघं एकदम ओरडली. लहानपणापासून या भावंडांचं कशावर एकमत झालं असेल तर ते एवढ्यावरच.

आत्याने आवाज खाली आणला. "हे बघ, राणी, तू हुशार आहेस, आम्हाला अभिमान आहे तुझा. उद्या बोल पोटभर. फक्त पाटीचं तेवढं गाळ."

"आत्या, सगळं भाषणच त्यावर उभं आहे."

"असं काय मोठं सांगायचंय त्यात? मला कळेल असं सांग."

नात खुर्ची ओढून बसली. "बाहेरून आलेल्या माणसाचं पुढे काय व्हावं, यावर आमच्या लोकांत खूप वाद आहेत. काही म्हणतात, त्याने विरघळून जावं. नातवंडांपर्यंत येता येता ओळखूही येऊ नये. काही म्हणतात, छे, ज्याने त्याने आपलं जपावं आणि शेजारी शेजारी राहावं."

"म्हणजे माझी ट्राम. मांडीला मांडी लावून बसायचं आणि खिडकीबाहेर बघायचं."

"अगदी तसंच! हे वाक्य मी उद्या चोरणार आहे. पण दोघंही एकाच बाजूने बघतात गं. आलेला माणूस किती बदलला, नीट बोलतो का, आमच्यासारखा वागतो का. तो ज्या गावात आला ते गाव किती बदललं, हे कुणी विचारतच नाही. मी विचारलं. घरोघर गेले, शाळांत गेले. या शहरातल्या पोरांना 'उस्ताक' म्हणजे काय ते विचारलं, तर काय म्हणाली माहितीये? कामात पक्का माणूस. दातांचा उस्ताक, मोटारींचा उस्ताक. काम झकास झालं की म्हणतात, एकदम उस्ताक झालं. शिवी होती गं ती! आप्पांच्या एका पाटीने तिची शाबासकी झाली."

आत्याचा चेहरा खुलला. आपला बाप एवढं काही करून बसला असेल, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आपल्या ट्राममध्ये पोरांनी तो शब्द वापरलेला तिनेही ऐकला होता, पण दर वेळी ब्रेकवरचा पाय आपोआप घट्ट व्हायचा. त्यांच्या आवाजात विष नाही, एवढं ऐकायची सवडच तिने स्वतःला दिली नव्हती.

"पोरांना विचारलंस," थोरला म्हणाला. तो उभाच होता. "माझ्या वर्गातल्यांना विचार."

"बाबा?"

"बाकावर बसू द्यायचे नाहीत. मी आलो की सगळी पोरं पसरून बसायची. 'उस्ताकाला जागा नाही.' बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत असायच्या. मी भिंतीला टेकून उभा राहून लिहायला शिकलो. आणि घरी यायचो, तर दारावर हातभर अक्षरांत तेच. बापाने स्वतःच्या हौसेने लावलेलं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तुझ्यासाठी तो शब्द धडा असेल, पोरी. माझ्या अंगावर आहे तो अजून."

घरोघर फिरून नातीने एवढ्या माणसांना बोलतं केलं, आणि आपल्याच बापाला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. घरचा माणूस म्हणून गृहीत धरला होता.

"तू तर म्हणायचास खेळताना पडलो, म्हणून पाय दुखतात," आत्या हळूच म्हणाली.

"मग काय सांगणार होतो?"

"मला सांगायचंस! एकेकाला धोपटला असता." आत्याचे डोळे भरून आले, आणि डोळे भरून आले की तिला राग येतो. "आता तर पाटी मुळीच उतरवायची नाही. त्या पोरांच्या नाकावर टिच्चून लटकू दे. ती पोरं आता आजोबा झाली असतील, काठी टेकत येऊन वाचतील. पण आप्पांना सांगायचं नाही."

"आत्ता तू माझ्या बाजूने होतीस ना?" थोरला वैतागला.

"अर्धी आहे अजून."

नेमकी तेव्हाच धाकटी काकू कोट घेऊन जिना चढून आली. धाकट्याची बायको. याच शहरात जन्मलेली, सात पिढ्या इथल्याच. आपली भाषा ती सासूबाईंकडून शिकली होती आणि सासूबाई गेल्या तेव्हा तिथेच थांबली होती. त्यामुळे हिच्या तोंडी अशी संबोधनं होती, जी घरातल्या इतर कुणी आयुष्यात वापरली नव्हती. व्याकरण मात्र अजून तिला वश झालं नव्हतं.

"अगं बाई, केवढी हा गोंधळ! वन्सं, खाली रस्त्यावर ऐकू येतो. भाऊजी, बसा की. कोट आला, छान झाली आहे."

नातीने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि जिन्याकडे वळली.

"थांब!" आत्या ओरडली.

"उद्या शंभर लोकांसमोर कळण्यापेक्षा आज माझ्याकडून कळू दे," नात म्हणाली. मागून तिघंही उतरली.

आप्पा कामाच्या टेबलाशी होते. वाचनालयाच्या हॉलमधली एक डुगडुगणारी खुर्ची दुरुस्तीला आली होती. हॉलच्या साऱ्या खुर्च्या त्यांच्याच हातच्या, फार जुन्या. पायाच्या सांध्यात सरस भरून आप्पांनी नुकताच शिकंजा आवळला होता.

"आले सगळे? छान. हिला उद्या पुढच्या रांगेत ठेवू. माझी मीच बसतो हिच्यावर."

"आप्पा," नात म्हणाली, "उस्ताक म्हणजे उस्ताद नाही."

आणि तिने सांगून टाकलं. अर्थ सांगितला, आजीचा धाक सांगितला. आप्पांचा शिकंज्यावरचा हात तसाच राहिला. थोरला जमिनीवरच्या भुश्शाकडे बघत होता.

आप्पांना एकदम ती वखार दिसली. ओल्या लाकडाचा वास, मुकादमाची लाल कानटोपी. त्या सकाळी गावी परत जावं असं त्यांच्या मनात होतं. न कळणारी भाषा, न ओळखणारी तोंडं. आणि मग ती हाक आली होती.

"म्हणजे तो मला उस्ताद म्हणाला नव्हता," आप्पा म्हणाले.

"नाही, आप्पा."

"मला वाटलं, माझं काम न बघता याने हातांवरून ओळखलं. मग त्या दिवशी मी मरमर काम केलं. म्हटलं, एवढं मोठं नाव दिलंय, खोटं पडायला नको. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच." ते थांबले. "माझ्या बाबांना कळवलं होतं घरी. मला इथे उस्ताद म्हणतात. ते जाईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते म्हणे. आता त्यांना कोण सांगणार?"

आत्याने पदर तोंडाला लावला. नातीला वाटलं, आपण आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. सांगायला तिच्याकडे घरोघर जमवलेला पुरावा होता, पण त्या चेहऱ्यापुढे तो काढायची तिला लाज वाटली.

"मामंजी, मी एक बोलू?" धाकटी काकू म्हणाली.

आप्पांनी मान हलवली.

"आमचे आजोबा खिडकीत बसायचे. तिथून स्टेशन दिसायची. नवी माणसं बोचकी घेऊन उतरली, की आजोबा म्हणायचे, 'आले बघ उस्ताक!' मी लहान. मला वाटायचं, अगं बाई, एवढे सगळे खुर्च्या बनवणारे! आपल्या शहरात एवढ्या खुर्च्या ठेवणार कुठे?"

आत्याच्या तोंडातून पदराआडून कसलासा आवाज निघाला.

"आमच्या घरात खुर्ची मोडला, की आई म्हणायची, उस्ताकाकडे न्या. मला तो शब्द म्हणजे ह्या सरसाचा वास. आजोबा रागाने म्हणायचे, तरी मी टाळ्या वाजवायची. दुसरा अर्थ मला लग्नानंतर कळली. सासूबाईंनी सांगितला, आणि मलाही दम दिला."

"म्हणजे मी चुकीचं ऐकलं," आप्पा म्हणाले, "आणि तूही चुकीचंच."

"हो, मामंजी."

"तुझी तर ती मातृभाषा."

"हो ना! मेली माझ्या लक्षातच नाही आलं."

आप्पांच्या मिशा थरथरल्या. हसू आधी खांद्यांत आलं, मग पोटात, आणि मग टेबलावरचा सरसाचा डबा सांडता सांडता राहिला. हसून हसून डोळे पुसताना त्यांनी विचारलं, "मग बरोबर ऐकत तरी कोण होतं?"

"मी," थोरला म्हणाला.

हसणं थांबलं. आप्पांनी मुलाकडे बघितलं.

"शाळेत," थोरला म्हणाला. "बाकावर बसू देत नव्हते."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही इतके खूश असायचा, आप्पा."

आप्पांनी भिंतीकडची तयार खुर्ची उचलून आणली. कुणाला हात लावू दिला नाही. थोरल्याच्या मागे नेऊन ठेवली, दाबून बघितली, आणि म्हणाले, "बस."

"आप्पा, राहू द्या."

"बस म्हणतो ना."

साठीचा थोरला बसला. आप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात बराच वेळ तिथेच होता. थोरल्याने मान खाली घातली. त्याचे खांदे हलताहेत हे सगळ्यांनी बघितलं, आणि सगळे दुसरीकडे बघायला लागले.

"न बोलावता येऊन बसला, असं म्हणायचे लोक," आप्पा म्हणाले. "खोटं काय आहे त्यात? मला कुणी बोलावलं होतं? पण मी नुसता बसलो का? अख्ख्या शहराला बसवलं!"

"हे पण उद्या चोरू?" नातीने डोळे पुसत विचारलं.

"हे माझं आहे. हे मी सांगेन." आप्पांनी फळ्यांच्या थप्पीकडे हनुवटी केली. "आणि काय रे, ती मागे कागदात गुंडाळून ठेवलीयेस ती पाटी. लाकूड चांगलं आहे तिचं. एखाद्या खुर्चीची बैठक होईल."

थोरला रडता रडता हसला. "तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या कारखान्यात लाकूड येतं आणि मला कळत नाही? कशासाठी ते कळलं नव्हतं, एवढंच. जुनीला रंग दे मात्र. परवा. अक्षरं आहेत तेवढीच मोठी ठेव."

"जरा मोठी केली तर?" थोरल्याने विचारलं.

आप्पांनी विचार केल्यासारखं केलं. "भिंत पुरेल?"

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. आप्पा नव्या कोटात, दुरुस्त केलेल्या खुर्चीवर, पहिल्या रांगेत. एका बाजूला आत्या, एका बाजूला थोरला, आणि मागे धाकटा आणि काकू. नात छान बोलली. विरघळणारे आले, ट्राम आली, आणि ट्रामवर लोक खळखळून हसले तेव्हा आत्या इकडे तिकडे बघत होती, जणू हिचं वाक्य कुणी घरी घेऊन जाणार होतं. मग पाटीचा फोटो पडद्यावर आला. नातीने शब्दाचा जुना अर्थ सांगितला. हॉलमधल्या वयस्कर माणसांनी माना खाली घातल्या. त्यांनी तो शब्द वापरलेला होता. मग नातीने नवा अर्थ सांगितला, आणि तरुण पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना जुना ठाऊकच नव्हता.

"तो उस्ताक कोण होता?" मागून एका पोरीने विचारलं.

नातीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण पहिल्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आप्पा उठले. एक हात थोरल्याच्या खांद्यावर टेकवला, दुसरा छातीला लावला.

"हो, मीच," आप्पा म्हणाले.

तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी त्यांना बघायला उठली. तिच्यामुळे मागच्यांना दिसेना, म्हणून मागचे उठले. मग त्यांच्या मागचे. बघता बघता सगळा हॉल उभा होता.

आप्पांनी दोन्ही हात खाली करत खूण केली आणि इथल्या भाषेत, आयुष्यभर जसं बोलले तसं मोडकंतोडकं, पण शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "बसा, बसा. या खुर्च्या काय उभं राहायला बनवल्यात?"

आणि सगळं शहर बसलं.